ठाण्यात बसून अंतराळात: स्वस्तातला भयपट पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अंतराळात घडणारा भयपट करायचा ठरला की नवखी मंडळी आधी राक्षसाचं चित्र काढायला बसतात. सहा डोळे, शेपटी, लाळ. माझा आग्रह असा की आधी दार काढा. एक दार, आणि त्या दारापर्यंत जाणारा एक बोळ. कमी पैशांत झालेल्या या जातीच्या चित्रपटांनी इतकी दशकं प्रेक्षक धरून ठेवला तो बराचसा दारांच्या जोरावर. दार वेळेत लागेल का, पलीकडे कोण उभं आहे, आणि आपलाच माणूस बाहेर असताना ते लावायचं कोणी? राक्षस पाच मिनिटं दिसतो, दार तासभर दिसतं. पैसा त्याच हिशेबानं खर्च करा.

पुढचं सगळं दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट, मोबाइल किंवा साधा कॅमेरा, पाच-सहा उत्साही मित्र आणि ठाणे-नवी मुंबईत सहज मिळणारं सामान एवढं धरून लिहिलंय.

पहिली पायरी: थोडा गृहपाठ

दहा चित्रपट पाहू नका. चार पाहा, आणि प्रत्येकात एकच गोष्ट शोधा.

'इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस' (1958, दिग्दर्शक एडवर्ड एल. कान) फक्त 69 मिनिटांचा आहे. मंगळावरून परतणाऱ्या यानात एक प्राणी शिरलाय. यानाचे मजले एकावर एक, आणि मजल्या-मजल्यांमध्ये झाकणासारखी दारं. प्राणी खालून एकेक दार फोडत वर येतो, माणसं एकेक मजला वर सरकतात. कथानक एवढंच. पण यानाचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात इतका पक्का बसतो की 'आता वर किती मजले उरले' हे तो स्वतःच मोजू लागतो. यातला राक्षसाचा मुखवटा रे कॉरिगन या नटाच्या मापाचा झाला नाही, त्याची हनुवटी जबड्यातून बाहेर येऊ लागली. मग तीच रंगवून जीभ म्हणून खपवली. मुखवटा बिघडला तर काय करायचं, याचं उत्तर तिथेच मिळतं.

मारिओ बावाचा इटालियन 'प्लॅनेट ऑफ द व्हँपायर्स' (1965) धुरासाठी पाहा. परका ग्रह उभा करायला आपल्याकडे प्लॅस्टिकचे दोनच खडक होते, असं बावा सांगायचा. बाकी आरसे, रंगीत दिवे आणि धूर. धूर तिथे शोभेसाठी नव्हता, रिकामा स्टुडिओ झाकायला होता. यानातल्या मंडळींचे काळ्या चामड्याचे, उंच कॉलरचे कपडेही बघून ठेवा. सगळ्यांना एकच वेगळी कॉलर दिली की नोकरीचा गणवेश तयार होतो.

'डार्क स्टार' (1974) हा जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी विद्यार्थी असताना सुरू केलेला चित्रपट. पुढे तो पूर्ण लांबीचा झाला, तरी एकूण खर्च साधारण साठ हजार डॉलर. हा खरं तर विनोदी आहे. यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा रंगीत चेंडू, त्याला खाली पंजे लावलेले. यंत्राची चकाकणारी बटणं म्हणजे फ्रिजमधले बर्फाचे ट्रे, खालून दिवा दिलेला. लोक हसायला हवे तितके हसले नाहीत, तेव्हा ओबॅननच्या मनात आलं की हीच गोष्ट घाबरवणारी केली तर? त्यातून पुढे 'एलियन' (1979) लिहिला गेला.

चौथा 'गॅलक्सी ऑफ टेरर' (1981). निर्माता रॉजर कॉर्मन, म्हणजे या धंद्यातला काटकसरीचा बादशहा. नेपथ्य तेव्हाच्या नवख्या जेम्स कॅमेरॉनचं. यानाच्या भिंतींवर हॅम्बर्गरचे फोमचे डबे ओळीनं चिकटवून रंगवले आहेत, आणि पडद्यावर ते खरोखर जड यंत्रासारखे दिसतात. पुढच्याच वर्षी कॉर्मनच्या कंपनीनं त्याच सेटवर 'फॉरबिडन वर्ल्ड' उरकला आणि सुरुवातीची अंतराळातली लढाई आपल्याच जुन्या चित्रपटातून उचलली. एक इशारा: 'गॅलक्सी'त एका स्त्रीवर महाकाय अळी बलात्कार करते असा प्रसंग आहे. तो निव्वळ तिकिटं खपवायला घातलाय. भिंती शिका, तो प्रसंग न बघता पुढे पळवा.

वेळ उरला तर आरती कडव यांचा हिंदी 'कार्गो' (2019) जरूर पाहा. तो भयपट नाही. पण 'पुष्पक 634ए' नावाच्या यानात आपल्या नावांची माणसं कशी सहज वावरतात, हे त्यात कळतं.

दुसरी पायरी: आधी जागा, मग गोष्ट

नेहमीचा क्रम उलटा करा. कथा लिहून जागा शोधायला निघालात तर महिनाभर फिराल आणि शेवटी कोणाच्या तरी हॉलमध्ये चादरी टांगाल.

घोडबंदर रोडच्या उंच इमारतींचं बेसमेंट, सोसायटीची पंपरूम, वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेकडचा एखादा गाळा: यातली एक जागा मिळवा. गाळा सगळ्यांत उत्तम. छत उंच असतं, पाइप आणि वायरिंग उघडं असतं, थ्री-फेज वीज असते आणि लोखंडी शटर म्हणजे आयतं दार. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या मालकाकडून गाळा मिळतो. त्याला काय करणार, किती वाजेपर्यंत करणार आणि किती माणसं येणार हे कागदावर लिहून द्या. रासायनिक माल ठेवलेला गाळा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

सोसायटीत करणार असाल तर सेक्रेटरींना गाठा, आणि आवाज, किंकाळ्या, लाल दिवे असं सगळं आधीच सांगा. फायर एक्झिटचा जिना आणि रिफ्यूज एरिया (आग लागल्यावर थांबायला ठेवलेली मोकळी जागा) अडवू नका. ते जिने पडद्यावर सुंदर दिसतात हे खरं, पण तिथे सामान मांडून बसायचं नाही. सीवूड्स, वाशी, बेलापूर इथल्या भव्य स्थानकांचा मोह प्रत्येकाला होतो. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची वेगळी परवानगी लागते. पहिल्या लघुपटासाठी त्या वाटेला जाऊ नका.

परग्रहासाठी पारसिकच्या डोंगराकडच्या दगडखाणी अनेकांना सुचतात. कल्पना चुकीची नाही. चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते बेसॉल्टचे आहेत आणि आपला डोंगरही बेसॉल्टचाच. पण खाणीत साचलेलं खोल पाणी असतं, कडे ठिसूळ असतात, जागा कोणाच्या तरी ताब्यात असते. त्यापेक्षा दोन दगड, काळा पडदा आणि बावाचा धूर.

जागा ठरली की तिथली दारं मोजा आणि मग गोष्ट लिहा. एकच दार असेल तर एकाच दाराची गोष्ट.

तिसरी पायरी: लिहिताना

वाड्यातल्या भुताच्या गोष्टीत माणूस रात्री वाडा सोडून पळत का नाही, याचं कारण लेखकाला शोधावं लागतं. अंतराळात ते कारण आयतं मिळतं, बाहेर हवाच नाही. पण हे कारण वापरायचं तर थोडं विज्ञान नीट हवं. निर्वात पोकळीत माणूस फुग्यासारखा फुटत नाही. साधारण दहा-पंधरा सेकंदांत त्याची शुद्ध हरपते. हे दहा सेकंद स्फोटापेक्षा कितीतरी भयंकर आहेत, आणि स्फोटाचा खर्चही वाचतो.

दुसरी फुकटची भीती म्हणजे उशीर. चंद्रावरून संदेश पृथ्वीवर सव्वा सेकंदात पोचतो. मंगळावरून, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण तीन ते बावीस मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला तेवढीच पुन्हा. म्हणजे 'दार उघडू का?' असं विचारलं आणि 'नको' हे उत्तर चाळीस मिनिटांनी आलं. यावर अख्खा लघुपट उभा राहतो. पृथ्वीजवळच्या अंतराळस्थानकात मात्र गोष्ट घडवू नका. ते जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर आहे, ठाण्यापासून नागपूर याहून लांब पडतं. एकटेपणा वाटायला थोडं दूर जायला हवं.

गुरुत्वाकर्षणाचं काय? काही नाही. पात्रं जमिनीवर चालतात, प्रेक्षक मान्य करतो. दोऱ्या बांधून तरंगायला गेलात तर मणका दुखावून घ्याल.

संवाद ही मराठीत सगळ्यांत घसरणारी जागा. 'कप्तान, आपण संकटात आहोत' असं कोणी बोलायला लागलं की भीती संपते आणि डब केलेलं कार्टून सुरू होतं. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत रात्रपाळीला लोक कसे बोलतात ते ऐका. 'शिंदेकाका, तो व्हॉल्व्ह कोणी सोडला होता?' 'मॅडमना विचार, सही त्यांची आहे.' ओव्हरटाइम, पुढच्या पाळीचा रिलीव्हर न येणं, कँटीनचा पाणीदार चहा. 'एलियन'मधली माणसंसुद्धा सुरुवातीला बोनसवरूनच कुरकुरतात. माणसं कामावर आहेत हे पटलं की पुढचं सगळं पटतं. शिंदेकाका निवृत्तीला आले आहेत, हे मात्र नका सांगू. मग ते मरणार हे कोणालाही कळतं.

चौथी पायरी: दार आणि बोळ

आता सुतारकाम. गॅलक्सीचे फोमचे डबे आपल्याकडे चालणार नाहीत. थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीचं थर्माकोल यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. त्याची गरजही नाही. अंड्यांचे कागदी ट्रे घ्या. किराणा दुकानदार किंवा अंडीवाला रद्दीच्या भावात देतो. उलटे करून पुठ्ठ्यावर चिकटवा, मॅट करडा रंग मारा, कोरड्या ब्रशनं कडांवर थोडी चंदेरी झाक द्या. बाजूनं दिवा टाकला की यंत्रांची भिंत झाली. समोरून दिवा टाकलात तर अंडी आठवतील.

थर्माकोल गेल्यापासून पुठ्ठ्याचे मखर करणारे कारागीर आपल्या भागात बरेच झाले आहेत. त्यांच्यापैकी एकाला गाठा. पुठ्ठा वाकवणं, कमान उभी करणं, घडी होऊन ट्रकमधून जाईल असं बांधणं हे त्यांना आपल्या दसपट चांगलं येतं. गणपतीनंतर त्यांचा हात थोडा मोकळा असतो आणि बाजारात एलईडीच्या पट्ट्याही स्वस्त होतात. भर पावसाळ्यात हे काम काढू नका. पुठ्ठा मऊ पडतो, फेविकॉल सुकत नाही. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम. जुने कीबोर्ड, स्विचबोर्ड, कूलरच्या जाळ्या असं बारीकसारीक सामान शिळफाट्याकडच्या भंगार गोदामांत किलोवर मिळतं. हातमोजे घालून निवडा.

दारासाठी प्लायचे दोन हलके पल्ले, खाली आणि वर एकेक सरकत्या खिडकीचं अ‍ॅल्युमिनियम ट्रॅक, दोन्ही बाजूंना दोरी आणि दोरी ओढायला दोन मित्र. मोटर नको. मोटर अडकते, मित्राला ओरडता येतं. पल्ले मधोमध भेटतात तिथे काळं रबर लावा, आणि एका पल्ल्याला वहीएवढी काच, म्हणजे खरं तर अ‍ॅक्रिलिक. ही छोटी खिडकी म्हणजे तुमचा अर्धा चित्रपट. आतला माणूस बाहेरच्याकडे बघतो, ओठ हलतात, आवाज येत नाही.

दार दोन्ही बाजूंनी वेगळं रंगवा. एक बाजू स्वच्छ, दुसरी गंजकी. त्यामुळे एकाच दाराची दोन दारं होतात, आणि दिव्याचा रंग बदलला की चार. बोळ बारा-पंधरा फुटांचा पुरे. एडिटिंगमध्ये चित्र आडवं उलटवलं की तोच बोळ दुसरीकडे जातो. म्हणून ज्या भिंतीचं चित्र उलटवायचं आहे तिच्यावर अक्षरं किंवा आकडे लिहू नका.

पाचवी पायरी: दिवे आणि धूर

मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, या आकड्यांवर ट्यूब आणि एलईडी बहुतेक वेळा लुकलुकत नाहीत. स्वस्त डिमर लावलेली पट्टी तरीही पट्टे मारू शकते, म्हणून आदल्या दिवशी दहा सेकंद चित्रित करून बघा. एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर अंधारात कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि पडद्यावर मुंग्या दिसतात. अंधार म्हणजे दिवे बंद नव्हे. एक दिवा चेहऱ्यावर, एक लांब बोळाच्या टोकाला, मधला भाग काळा. सगळं लाल करू नका. लाल दिवा फक्त दार उघडताना लागला तर प्रेक्षक त्याला घाबरायला शिकतो.

फॉग मशीन लग्नाच्या डेकोरेटरकडे भाड्यानं मिळतं. पंखे बंद, खिडक्या बंद, धूर सोडून दोन मिनिटं थांबायचं, मग शॉट. कोणाला दमा आहे का हे आधी विचारा, आणि नव्या इमारतीत स्मोक डिटेक्टर कुठे आहेत तेही. धूप-अगरबत्तीवर भागवू नका. डोळे चुरचुरतात आणि धूर वर छताला जाऊन बसतो.

कपडे, चिकट द्रव आणि राक्षस

बॉयलर सूट. औद्योगिक वसाहतीजवळच्या युनिफॉर्मच्या दुकानात मिळतात. छातीवर नावाची पट्टी शिवा, एकदा धुवा, चुरगळा. हेल्मेट टाळता आलं तर टाळाच. काचेत कॅमेरा दिसतो, वाफ धरते, आवाज मरतो. चेहऱ्यावर प्लॅस्टिक गुंडाळून हवाबंद करण्याचा प्रयोग तर कधीच नको.

भिजवलेला सब्जा हे परग्रहावरच्या अंड्यांसाठी देवानं दिलेलं सामान आहे. काळा ठिपका, भोवती पारदर्शक बुळबुळीत कवच, जवळून चित्रित केलं की फालुदा खाणाराही तोंड फिरवतो. लाळेसाठी इसबगोल कोमट पाण्यात. रक्तासाठी साखरेचा पाक आणि खाण्याचा रंग, पण चित्रीकरण संपल्या संपल्या पुसा, नाहीतर गाळामालकाकडे मुंग्यांची तक्रार पोचेल. फरशीवर काहीही सांडलं की त्या भागात पळायचे शॉट बंद.

राक्षसाचा फक्त एकच अवयव करा. हात, किंवा दारावर टेकणारं बोट. बाकीचं काम दार करतं: बाहेरून दणका बसला की पल्ला इंचभर आत येतो. दोरीवाला मित्र इथे कामी येतो.

यान बाहेरून दाखवायचंच असेल तर 'क्वीन ऑफ ब्लड' (1966) आठवा. कर्टिस हॅरिंग्टननं तो सोव्हिएत चित्रपटांतली भव्य दृश्यं वापरून, त्यांच्याभोवती नवी गोष्ट रचून केला होता. तुमच्यासाठी नासाची छायाचित्रं आणि चित्रफिती आहेत. त्यांच्यावर सहसा कॉपीराइट नसतो. नासाचं बोधचिन्ह मात्र वापरायचं नाही, आणि नासाचा तुमच्या लघुपटाला पाठिंबा आहे असं भासवायचं नाही. दोन शॉट पुरे.

चित्रीकरणाचा क्रम

गोष्टीच्या क्रमानं नको. दाराच्या स्वच्छ बाजूचे सगळे शॉट एकदम, मग गंजक्या बाजूचे, मग रक्त-इसबगोलवाले सगळ्यांत शेवटी. कोणाच्या कपड्यावर कुठे डाग होता याचे फोटो काढत राहा. हे काम एकाच व्यक्तीकडे द्या आणि तिला दुसरं काहीही सांगू नका.

आवाज

मला विचाराल तर बजेटचा उरलेला रुपया इथे घाला. ठाण्यात शांतता मिळत नाही. लोकलचा भोंगा, कुत्री, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, चैत्रापासून कोकिळा. चित्रीकरणाचा आवाज फक्त संदर्भासाठी ठेवा आणि संवाद नंतर कपाटात तोंड घालून, कपड्यांच्या मध्ये, पुन्हा रेकॉर्ड करा.

यानाची घरघर विकत घेऊ नका. सोसायटीचा पाण्याचा पंप, फ्रिजचा कॉम्प्रेसर, लिफ्टच्या मोटरीची खोली (बाहेरून, दार न उघडता) हे सगळं मोबाइलवर दोन-दोन मिनिटं धरा आणि अर्ध्या वेगानं वाजवा. दारासाठी एसी बसचं दार उघडतानाचा फुस्स आवाज, त्यावर गाळ्याच्या शटरचा खडखडाट, शेवटी कुकरचं झाकण घट्ट बसतानाचा टक्. ही दाराची तीन सुरांची सही प्रत्येक वेळी सारखीच ठेवा. मग एकदा, एकदाच, कोणी जवळ नसताना ती पडद्यामागून वाजवा.

दाखवताना

यूट्यूबवर टाकणार असाल तर संगीत स्वतःचं किंवा परवाना असलेलं हवं. हॉल घेऊन जाहीर खेळ लावायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. घरी मित्रांना बोलावून दाखवायला काही लागत नाही, आणि पहिल्यांदा तेच करा: पडद्याकडे न बघता बघणाऱ्यांकडे बघा. मोबाइल कुठे बाहेर निघतो ते मिनिट लिहून घ्या आणि तिथून कापा. इंग्रजी उपशीर्षकं घाला, महोत्सवांना पाठवताना लागतातच. अपलोड करण्याआधी एकदा मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका. पंपाची खालच्या पट्टीतली घरघर त्यावर जवळजवळ ऐकू येत नाही, तिच्यात फ्रिजचा थोडा वरच्या पट्टीतला गुणगुणाट मिसळावा लागतो.